लाकडी दिवा आणि समईची शिकवण

हल्लीं कोणत्याही सुखवस्तु घरांतील कपाटाचा खालचा खण उघडून पाहिला, तर त्यांत विझलेल्या एल. ई. डी. बल्बांची एक लहानशी रास हटकून सांपडते. टाकून देण्यास मन होत नाहीं आणि दुरुस्त करून देणारा मनुष्य आढळत नाहीं, अशा पेंचांत ते बल्ब तेथें वर्षानुवर्षें पडून असतात. सासूबाई म्हणतात, नव्या वस्तूंत दमच नाहीं. सूनबाई म्हणतात, दुकानदारानें फसविलें. आम्हांस मात्र त्या बल्बाची बाजू घ्यावीशी वाटते. त्याच्या पोटांतील प्रकाश देणारे कण बहुधा शाबूत असतात. निकामी झालेला असतो तो त्यांना वीज पुरविणारा एक छोटासा भाग, आणि तेवढाच भाग काढून दुसरा बसविण्याची सोय करणाऱ्यानें ठेवलेली नसते. ज्याचे सगळे भाग सुटे करतां येतील व जो गांवच्या कारखान्यांत घडवितां येईल, अशा लाकडी दिव्याचा विचार या महिन्यांत या सदरांतून वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या प्रकाशाचें थोडें कूळ पाहूं. कांहीं विशिष्ट स्फटिकांतून वीज गेली असतां ते चमकतात, ही गोष्ट हेन्री राउंड या इंग्रज संशोधकानें १९०७ सालीं नोंदली. तिचा उपयोग दिव्यासारखा होण्यास पुढें अर्धशतक जावें लागलें. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोनियाक यांनीं डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा कण सिद्ध केला. परंतु तांबड्या प्रकाशांत कोणास वाचतां येत नाहीं. पांढऱ्या उजेडासाठीं निळा कण हवा होता, आणि तो जपानी शास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं साध्य केला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांस त्याबद्दल २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. या निळ्या कणावर पिवळसर द्रव्याचा लेप दिला म्हणजे पांढरा उजेड मिळतो. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजीं 'उजाला' योजनेचा आरंभ झाला आणि हे बल्ब खेडोपाडीं पोहोंचले. सरकारी खरेदींत २०१४ सालीं ३१० रुपये असलेला बल्बाचा दर २०१६ सालीं ३८ रुपयांवर आला. विजेची मोठी बचत झाली, हें निर्विवाद आहे, आणि त्या कार्याचें मोल कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं.

तथापि स्वस्ताई कोठून आली, हेंही पाहिलें पाहिजे. चांगल्या कणाचें आयुष्य २५,००० तासांचें धरतात. दररोज सहा तास दिवा जाळला, तर हा हिशेब अकरा वर्षांवर जातो. मग बल्ब दोन-तीन वर्षांतच कां विझतो? त्याचें उत्तर त्याच्या बुडाशीं आहे. घरांतील २३० व्होल्टची वीज कणांस मानवेल अशी करून देणारें यंत्र त्याच अरुंद जागेंत कोंबलेलें असतें. त्यांत एक लहान नळकांडें असतें. त्यांतील ओलें द्रव्य उष्णतेनें हळूहळू सुकत जातें. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. शिवाय कणांत गेलेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक भाग उष्णतेंतच जातो, आणि ती उष्णता त्याच नळकांड्याच्या डोक्यावर असते. कधीं कधीं मालेंतील एकच कण जळतो, आणि माला तुटल्यामुळें बाकीचे धडधाकट कणही विझतात. सगळें गोंदानें चिकटविलेलें. म्हणून एक अवयव गेला कीं संपूर्ण देह टाकावयाचा.

आतां आपल्या देवघरांतील समईकडे पाहावें. बैठक, दांडा, तबक आणि वरचें शिखर असे तिचे भाग निरनिराळे ओतलेले असून ते आट्यांनीं एकमेकांत बसतात. घासण्यास काढावी, तर चार भाग चार हातीं देतां येतात. प्रवासास न्यावी, तर ती पिशवींत मावते. दांड्याचा एक तुकडा वाढविला, तर समई उंच होते. वात रोज संपते म्हणून ती रोज नवी घालावी. तेल रोज सरतें म्हणून तें वरून ओतावें. पितळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतें म्हणून त्यास हात लावण्याचें कारण पडत नाहीं. जो भाग लवकर झिजतो तो सहज बदलतां यावा, आणि जो टिकतो त्यास त्या बदलाची झळ लागूं नये, हा तिच्या रचनेचा गाभा आहे. आमच्या आजीच्या समईचें शिखर आतां मूळचें राहिलेलें नाहीं, तरी ती आजीचीच समई आहे, याविषयीं घरांत कोणास शंका येत नाहीं. नव्या दिव्यास हीच शिकवण लागू करावयाची आहे.

हा विषय आम्हांस कारध्याच्या संदर्भांत सुचला, यास कारण आहे. वैनगंगेच्या पश्चिम तीरावर भंडारा आणि पूर्व तीरावर कारधा. दोहोंमध्यें जुन्या व नव्या पुलांनीं बांधलेलें नातें. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळीं दूरवर नांवाजलेलीं. 'पितळेचें गांव' ही तिची ओळख अद्याप पुसलेली नाहीं, परंतु पोलाद व प्लॅस्टिक यांच्यापुढें तेथील कासारांचा धंदा रोडावला आहे. पूर्वेकडील जंगलपट्टा सागवानाचा. मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवाकडे कोशाचें रेशीम विणलें जातें. लांकूड, पितळ आणि कोसा या तिन्ही वस्तु एका दिवसाच्या फेरींत गोळा होतील, असें हें ठिकाण आहे. दुसरें कारण नदीचें. वैनगंगा उगम पावते मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत. वर पाऊस झाला कीं येथें पाणी चढतें, आणि कारध्याच्या मापकावरील आंकडा अवघ्या जिल्ह्यांत विचारला जातो. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस आलेला महापूर भंडारेकरांच्या स्मरणांतून गेलेला नाहीं. अशा वेळीं वीज जाते आणि कित्येक रात्री येत नाहीं. घरांत म्हातारीं माणसें, लहान मुलें, गच्चीवर हलविलेलें सामान, आणि उजेडासाठीं फोनच्या उरलेल्या बॅटरीकडे लागलेले डोळे. दिवा म्हणजे शोभेची वस्तु, ही कल्पना अशा एका रात्रींत नाहींशी होते.

येथपर्यंत कां, हें झालें. आतां कसें, तें सांगतों. गांवांतील एका सुताराच्या शेडमध्यें आम्हीं हा दिवा करवून पाहिला. त्याचे भाग चार: लांकडी चौकट, पितळी पट्टी, कणांची पट्टी, आणि वीज देणारें यंत्र. यांपैकीं चौथा भाग दिव्याच्या बाहेर, तारेच्या दुसऱ्या टोंकास ठेवावा, हा पहिला नियम. २३० व्होल्टचें १२ व्होल्ट करून देणारें तयार यंत्र भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहून बाजारांतून आणावें. तें कधींही उघडूं नये. यामुळें दोन गोष्टी साधतात. सर्वांत आधीं बिघडणारा भाग गरम जागेपासून दूर जातो व बिघडल्यास पांच मिनिटांत बदलतां येतो. आणि प्रत्यक्ष दिव्यांत केवळ १२ व्होल्टच खेळत असल्यानें घरांतील मुलाच्या हातीं तो उघडण्यास देतांना आईचा जीव टांगणीस लागत नाहीं.

कणांच्या पट्टीचा हिशेब सोपा आहे. पांढऱ्या कणास सुमारें ३ व्होल्ट लागतात. तीन कण एका ओळींत जोडले म्हणजे ९ व्होल्ट झाले. १२ पैकीं उरलेले ३ व्होल्ट रोधकावर पडतात. पुष्कळ ठिकाणीं येथें १५० ओहमचा रोधक घालतात, म्हणजे प्रवाह २० मिलिअँपिअर येतो. पण हाच दिवा बॅटरीवर लावला आणि बॅटरी चार्ज होत असली, तर व्होल्ट १४.४ पर्यंत चढतात, आणि प्रवाह ३६ वर जातो. २० च्या बेतानें घेतलेले कण अशानें अकालीं झिजतात. म्हणून आम्हीं २७० ओहमचा रोधक घेतला. त्यामुळें १४.४ व्होल्टला प्रवाह बरोबर २० राहतो आणि १२ व्होल्टला ११ होतो. उजेड थोडा सौम्य पडतो, परंतु कणांचें आयुष्य वाढतें. अशा दहा ओळी, म्हणजे तीस कण, एका पट्टीवर बसविले. एखादा कण जळला तर त्याच्या ओळींतील तिघेच विझतात, बाकीचे सत्तावीस जळत राहतात.

अशी एक पट्टी सुमारें शंभर ल्यूमेन, म्हणजे आठ मेणबत्त्यांइतका उजेड देते. जिन्यास किंवा देवघरास एक पुरते. मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर चार लावाव्या. आणि पुराची रात्र आलीच, तर ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी निम्मीच खर्चून एक पट्टी तीस तास चालते, म्हणजे रोज सहा तास याप्रमाणें पांच रात्री. बॅटरीजवळ १ अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा, आणि जोड असा निवडावा कीं तो एकाच बाजूनें बसेल. अंधारांत घाई करणाऱ्याच्या हातून उलटा लागूं नये.

आतां लांकूड. लांकूड उष्णता वाहून नेत नाहीं, ही त्याची कीर्ति चुलीच्या उलथन्याच्या मुठीपासून सर्वांस ठाऊक आहे. दिव्याच्या बाबतींत मात्र हा गुण दोष ठरतो. एक पट्टी कितीशी तापणार? पण चार पट्ट्या बंद लांकडी पेटींत, बॅटरी चार्ज होत असतां, मिळून साडेअकरा वॅटपर्यंत जातात, आणि ती उष्णता बाहेर पडण्यास वाट हवी. येथें भंडाऱ्याचें पितळ उपयोगी पडतें. पितळ सागवानाच्या सहाशेंहून अधिक पटींनीं उष्णता वाहतें. ॲल्युमिनियम याहून सुमारें दुप्पट चांगलें, हें खरें. परंतु पितळ येथल्या कासाराच्या हातचें आहे, त्यास आटे पाडतां येतात, आणि घासलें कीं तें पुन्हां नवें होतें. म्हणून कणांची पट्टी एक मिलिमीटर जाडीच्या पितळी पट्टीवर बसवावी. मध्यें उष्णता जाऊं देणारा पण वीज अडविणारा पातळ थर ठेवावा, आणि पितळेची एक कड चौकटीच्या बाहेर उघडी राहूं द्यावी. ती कड उष्णताही सोडते व लांकडाच्या तपकिरी रंगावर सोन्याच्या काठासारखी दिसते.

सागवानाविषयीं सुताराचें एक वचन आम्हीं मनांत ठेविलें आहे: 'लांकूड मेल्यावरही श्वास घेतें.' विदर्भांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो आणि श्रावणांत भिंतीसुद्धां घाम सोडतात. या फेरांत लांकडाची लांबी जवळजवळ बदलत नाहीं, परंतु रुंदी बदलते. सागवान इतर लांकडांच्या मानानें शांत. तरीही १०० मिलिमीटर रुंद फळींतील ओलावा आठ टक्क्यांनीं बदलला तर ती सुमारें दीड मिलिमीटर हलते. म्हणून पितळी पट्टी लांकडास दोन्ही टोंकांशीं घट्ट जखडूं नये. एक भोक गोल, दुसरें किंचित् लांबट ठेवावें, म्हणजे लांकडास हलण्यास जागा राहते आणि चौकट तडकत नाहीं. फळ्या आडव्या-उभ्या नीट पाहून, एकीस खाच व दुसरीस जीभ कापून बसवाव्या. गोंद शक्य तितका टाळावा, कारण गोंद म्हणजे दुरुस्तीचा शत्रु. लांकूड निदान कांहीं महिने सावलींत रचून वाळविलेलें असावें.

सुट्या भागांच्या दिव्याचें मर्म कशांत असेल, तर मापांत. आम्हीं पट्टीची लांबी २०० मिलिमीटर, रुंदी ३० मिलिमीटर आणि दोन स्क्रूंमधील अंतर १८० मिलिमीटर असें ठरविलें. हीं मापें काय असावींत, यापेक्षां तीं कधीं बदलूं नयेत, ही गोष्ट मोठी. त्यासाठीं सुतारानें एक पोलादी साचा करून घेतला. भोकें पाडतांना प्रत्येक फळी त्याच साच्याखालीं जाते. मग आज भिंतीवर लावलेली पट्टी उद्यां मेजावरच्या दिव्यांत बसते, दोन दिवे जोडून एक लांब दिवा होतो, आणि धाकट्या भावाच्या घरचा दिवा बिघडला तर थोरल्याच्या घरची पट्टी तेथें तत्काळ लागते. एकत्र कुटुंबांत एकाच मापाचे डबे, एकाच मापाचे पाट असण्याची सोय आपल्या वडीलधाऱ्यांस चांगली कळली होती, तीच येथें.

शेवटचा संस्कार रंगाचा. चकचकीत लेप देऊन लांकूड बंद करण्यापेक्षां जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्यावे. ओरखडा आला तर घरींच पुसून पुन्हां तेल लावतां येतें. तेल लावलेलीं फडकीं मात्र चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तीं आपोआप तापून पेट घेतात. तीं पसरून वाळवावीं. कणांचा उजेड डोळ्यांस बोंचतो, म्हणून पुढें कोशाच्या कापडाचा पडदा ताणावा. उजेडाची छटा निवडतांना बैठकीस व देवघरास २७०० केल्विनची पिवळसर, आणि अभ्यासास ४००० ची घ्यावी; ६५०० ची निळसर छटा रात्रीच्या घरास परकी वाटते.

कित्येक वाचक येथें विचारतील, कीं शंभर रुपयांचा बल्ब मिळत असतां हा उपद्व्याप कशास? प्रश्न रास्त आहे. हा दिवा बाजारी बल्बाशीं किंमतींत कधींही टक्कर देऊं शकणार नाहीं. सुताराची मजुरी, पितळ, सागवान मिळून त्याची किंमत कितीतरी अधिक पडते. ज्यास केवळ उजेड हवा त्यानें बल्बच घ्यावा. परंतु हिशेब पहिल्या दिवशींच थांबवूं नये. दहा वर्षांत या दिव्यांत बदलावें लागेल तें वीज देणारें यंत्र, फार तर एखादी पट्टी. आणि तो बदल ज्याच्या हातून होईल तो मनुष्य पुलाच्या अल्याड किंवा पल्याड राहणारा असेल.

दुरुस्तीचें ज्ञान गांवांत राहणें ही लहान गोष्ट नव्हे, हें मुंबईच्या आय. आय. टी. नें दाखवून दिलें आहे. तेथील प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकारानें २०१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठीं दहा लाख सौर दिव्यांची योजना हातीं घेण्यांत आली. ते दिवे शहरांतून तयार करून न पाठवितां खेड्यांतील स्त्री-पुरुषांस शिकवून त्यांच्याच हातून जोडविले, आणि दुरुस्तीची व्यवस्थाही तेथेंच ठेविली. ज्या हातांनीं दिवा जोडला तेच हात तो दुरुस्त करूं शकतात, हें साधें तत्त्व तिच्या मुळाशीं होतें. परदेशचें एक उदाहरण जावा बेटांतील आहे. तेथील कांदांगान या खेड्यांत सिंगिह कार्तोनो नांवाच्या शिल्पज्ञानें लांकडी रेडिओचा कारखाना काढला. शेतकऱ्यांच्या मुलांनीं हातानें घडविलेले ते रेडिओ जगाच्या बाजारांत गेले. आणि वापरलेल्या लांकडाची भरपाई व्हावी म्हणून कारखान्यानें रोपें लावण्याचें कामही अंगावर घेतलें. विजेची वस्तु म्हणजे मोठ्या शहराचीच मिरास, हा समज त्या खेड्यानें खोटा ठरविला.

कारध्यासारख्या गांवांत असा कारखाना उभा राहावयाचा, तर त्यास फार मोठें भांडवल नको. रंधा, पटाशी, करवत, भोकें पाडण्याचें यंत्र, डाग देण्याची तापती कांडी आणि मापाचा साचा, एवढ्यावर आरंभ होतो. सुतार चौकट करील, कातारी दिव्याचे पाय वळील, कासार पितळ कापील. आणि डाग देण्याचें नाजूक काम बारावींत विज्ञान शिकलेली मुलगी घरच्या ओसरीवर बसून करूं शकेल. तिचा धाकटा भाऊ तीस कणांपैकीं कोणता पेटत नाहीं, तें शोधून देईल. या कामांत कोणत्याही एका जातीची किंवा एका वयाची मक्तेदारी नाहीं. मोडते आहे ती कारागिरीची सांखळी जोडण्याचें सामर्थ्य अशा मिश्र कामांतच असतें. सुशिक्षित कुटुंबांनीं यांत आश्रय देण्यापुरतेंच न थांबतां हिशेब लिहिणें, माल तपासणें आणि आपल्या आप्तांस दाखविणें, हीं कामें अंगावर घ्यावीं.

ज्या घरीं असा दिवा येईल त्यांस एवढेंच सांगावयाचें आहे: पाहिल्या रविवारीं घरांतील सर्व मुलांसमक्ष तो एकदां संपूर्ण उघडावा व पुन्हां जोडावा. बैठकीच्या तळाशीं पट्टीचें माप, रोधकाचा आंकडा, व्होल्ट आणि घडविल्याचें साल हीं खिळ्यानें कोरून ठेवावीं. कागद हरवतो, दुकान बंद पडतें, सांगणारा मनुष्यही राहत नाहीं. आणखी वीस वर्षांनीं तो दिवा ज्याच्या हातीं दुरुस्तीस पडेल त्यास तळाशीं कोरलेले ते चार आंकडे पुरेसे होतील.